बत्तीस बिटांची नक्षी

आमच्या घरात चांगली चादर अंगावर घ्यायची पद्धत नव्हती. लग्न होऊन मी आले तेव्हा हे मला कुणी सांगितलं नाही, कारण त्यात सांगण्यासारखं काही आहे असं कुणाला वाटतच नव्हतं. घराला लागून कारखाना, मधे एक दार. तिकडं दिवसभर चादरी निघायच्या आणि इकडं आम्ही पांघरायचो तो सगळा सेकंड माल. कुठं सूत तुटलेलं, कुठं रंग चुकलेला, कुठं मोराला एकच पाय. बिनखोट माल व्यापाऱ्याचा, खोट असलेला घरचा. माढ्याला माझ्या माहेरी सोलापूरची चादर पाहुण्यांसाठी पेटीत घडी घालून ठेवलेली असायची. पाहुणे गेले की ती परत पेटीत. आणि चादरीवाल्यांच्या घरची सून होऊन मी लंगड्या मोराखाली झोपत होते. नवऱ्याला हे बोलून दाखवलं तर तो म्हणाला, ऊब तेवढीच आहे की. गणिताचा मास्तर आहे तो, त्याला पाय मोजता येतात, पण कमी पडलेले दिसत नाहीत.

कोणती चादर घरात राहणार हे ठरवायचं काम सासूबाईंचं. घरची बोली तेलुगू, त्यामुळं मी त्यांना अत्तम्मा म्हणते आणि सासऱ्यांना मामय्या. मागावरून उतरलेली प्रत्येक चादर अत्तम्मांच्या हाताखालून जायची. गच्चीवर उन्हात त्या ती पसरायच्या आणि तळहात उलटा फिरवायच्या, म्हणजे विणीच्या विरुद्ध, खालून वर. खोट असली की हात तिथं अडायचा. मग त्या एकच शब्द म्हणायच्या, "तप्पु." तप्पु म्हणजे चूक. ती चादर डाव्या ढिगात, म्हणजे घरात. बाकीच्या उजव्या ढिगात, व्यापाऱ्याकडं. ह्या निवाड्यावर अपील नव्हतं. मामय्यांनी स्वतः विणलेल्या चादरीही डाव्या ढिगात गेलेल्या मी पाहिल्या आहेत, आणि मामय्या तेव्हा खाली मान घालून चहा पीत असत.

कारखान्यात एके काळी चार माग होते. मी आले तेव्हा दोन, आणि ही गोष्ट घडली तेव्हा एकच. मामय्यांचे गुडघे उभं राहू देत नव्हते, कामगार मोठ्या कारखान्यांत गेले होते, आणि नवऱ्याला कॉलेजातली नोकरी सोडून माग चालवायचा नव्हता. शेवटी तो एक मागही विकायचं ठरलं. अक्कलकोट रोडवरच्या एका कारखानदारानं तो घ्यायचं कबूल केलं. बोली अशी झाली की बीमवरचा ताणा संपला की त्यानं माग उचलून न्यावा. बीम म्हणजे मागाच्या पाठीमागचा जाड रूळ. ताण्याचं, म्हणजे उभं, सगळं सूत त्यावर गुंडाळलेलं असतं आणि चादर विणली जाते तसं ते उलगडत जातं. बीमवर सूत किती जाड आहे ते बघितलं की अजून किती चादरी निघतील ते मामय्यांना कळायचं. आता मलाही कळायला लागलं होतं.

एका सकाळी अत्तम्मा भाजीला गेल्या आणि मामय्या माझ्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. मी घरूनच एका सॉफ्टवेअर कंपनीचं काम करते. मी लॅपटॉप उघडलेला असला की ते सहसा येत नाहीत. त्या दिवशी आले, बसले, आणि मला लेकीसारखी हाक मारून म्हणाले, "अम्मा, त्या जुन्या कंप्युटरात तुज्या अत्तम्माची मुग्गू हाय. ती काढून दे. शेवटची चादर तिची काढायची, मग माग जाऊ दे."

मुग्गू म्हणजे ठिपक्यांची रांगोळी. अत्तम्मा रोज सकाळी कारखान्याच्या दारात काढतात, आणि कालची आज पुन्हा काढत नाहीत. कधी तरी, माझा नवरा कॉलेजात शिकत असताना, त्यांनी काढलेली एक मुग्गू मामय्यांना इतकी आवडली की त्यांनी कामगारांना मागच्या दारानं यायला लावलं आणि पायरीवर बसून ती ग्राफ पेपरवर उतरवून घेतली. नवऱ्यानं तेव्हा शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट म्हणून सी भाषेत एक प्रोग्राम लिहिला होता. नक्ष्या डेटाबेसात साठवायच्या, आणि लागेल तेव्हा त्यातून पुठ्ठे पाडणाऱ्याला चालेल अशी फाईल काढायची. त्या भोकांच्या पुठ्ठ्यांवरून मागाला कळतं, कुठलं सूत उचलायचं. तर ती मुग्गूही त्या डेटाबेसात गेली, आणि तिथंच राहिली. व्यापारी म्हणाला, गिऱ्हाईक मोर मागतं, गुलाब मागतं, दारातली रांगोळी विकत कोण घेणार. पुढं ग्राफ पेपर वाळवीनं खाल्ला.

अत्तम्मांनाच परत काढायला सांगू या की, असं मी म्हटलं. मामय्यांनी मान हलवली. तिला कळता कामा नये, आणि कळलं तरी ती वेगळीच काढेल, म्हणाले. ते खरंच होतं. मग मी विचारलं, बीमवर किती उरलंय. व्यापाऱ्याची ऑर्डर पुरी करून वर एक चादर, म्हणाले, फार तर दीड.

मी म्हटलं, दुपारपर्यंत देते. मला माझ्याबद्दल नेहमीच असं वाटत आलं आहे.

जुना कंप्युटर कधीच बंद पडला होता, पण त्याची हार्ड डिस्क शाबूत होती. ती लॅपटॉपला लावली, डेटाबेसातला माल नव्या डेटाबेसात ओतला, तो सुखरूप आला. राहिला फक्त नवऱ्याचा प्रोग्राम. तो जसाच्या तसा चालवला तर लॅपटॉप म्हणाला, अशी फाईल नाही. फाईल समोर दिसत होती. नाव बरोबर होतं. मी पुन्हा चालवला, पुन्हा तेच. डोळ्यांदेखत माणूस उभा असताना तो घरी नाही म्हणून सांगण्यातला प्रकार. मग म्हटलं, मरू दे, मूळ कोड आहे ना, नव्यानं कंपायल करू, म्हणजे त्यातून प्रोग्राम परत बनवू.

इथं माझ्या नवऱ्यानं मला मदत केली. ती मदत समजायला सांधणी म्हणजे काय ते सांगायला हवं. बीम संपत आला की विणकर जुनं सूत मागातून काढून टाकत नाही. नव्या बीमचं एकेक सूत जुन्या सुताच्या टोकाला गाठ मारून जोडतो आणि पुढं ओढून घेतो. सगळी सुतं नव्यानं ओवायची म्हणजे दिवस जातात, सांधणीत तो त्रास वाचतो. ह्या घरात मागच काय, काहीच नव्यानं ओवत नाहीत. जुन्या मिक्सरचं झाकण नव्या मिक्सरला, जुन्या दाराची कडी नव्या दाराला. तर मी चहाला उठले तेवढ्यात नवऱ्यानं त्याच्या जुन्या डिस्कवरचं लायब्रऱ्यांचं अख्खं फोल्डर माझ्या लॅपटॉपवर उतरवलं आणि प्रोग्रामला त्याचा रस्ता दाखवून ठेवला. लायब्ररी म्हणजे तयार कोडचा गठ्ठा, डेटाबेसाशी कसं बोलायचं ते प्रोग्रामला त्यातून कळतं. तिकडं चालत होतं तर इकडंही चालेल की, असं त्याचं म्हणणं. फार प्रेमानं केलं होतं त्यानं. रागवायलाही जागा ठेवली नव्हती.

कंपायल केलं. शेवटची ओळ आली, डेटाबेसाची लायब्ररी सापडत नाही. मी फोल्डर उघडून बघितलं, लायब्ररी तिथंच होती. रस्ता बदलला, नाव तपासलं, फोल्डर हलवलं, परवानग्या बदलल्या. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. कंपनीचं काम उरकलं की मी ह्याच्यापुढं बसायची. भिंतीपलीकडून मागाची खटखट यायची, आणि ती आता मला ऐकवेना, कारण खटखट म्हणजे बीमवरचं सूत कमी होणं. मी त्या लॅपटॉपला माढ्याच्या भाषेत काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. अत्तम्मा एकदा दारातून डोकावून म्हणाल्या, कुणाशी भांडते गं, आणि लिंबाचं सरबत ठेवून गेल्या.

मग माझ्या लक्षात आलं की खटखट हळू झाली आहे. मामय्या दोन चादरींच्या मधे फार वेळ घालवू लागले होते. तेल घालायचे, फडकं फिरवायचे, आडवं सूत नेणारा धोटा हातात घेऊन बघत बसायचे. मला एका शब्दानं विचारत नव्हते. जेवताना फक्त भात वाढायच्या आधी माझ्याकडं एकदा बघायचे, आणि मी मान हलवली की आपल्या ताटाकडं बघायचे. मला त्यांची इतकी माया आली की स्वतःचाच राग आला.

त्या दुपारी मी पहिल्यांदा शेवटची ओळ सोडून वरच्या ओळी वाचल्या. घाईत असलं की माणूस शेवटची ओळ वाचतो, आणि मी जन्मापासून घाईत आहे. वर स्वच्छ लिहिलं होतं की लायब्ररी सापडली, पण जुळत नाही म्हणून सोडून दिली. सापडली नाही आणि जुळली नाही ह्यात केवढा फरक आहे. मी ती फाईल कसली आहे ते तपासलं, तर बत्तीस बिटांची, म्हणजे जुन्या, अर्ध्या मापाच्या यंत्रांसाठी बनवलेली. माझा लॅपटॉप चौसष्ट बिटांचा, कंपायलरही चौसष्टचा. प्रोग्राम चौसष्टचा बनत होता आणि त्याला आम्ही बत्तीसची लायब्ररी जोडू बघत होतो. जुना प्रोग्राम चालवताना फाईल नाही असं जे येत होतं, तेही ह्याच कारणानं. प्रोग्राम होता, त्याला बत्तीस बिटांत चालू करून देणारं माझ्या लॅपटॉपवर कुणी नव्हतं.

आता दोनच रस्ते. एक, सगळंच बत्तीसमध्ये बनवायचं. नवऱ्याला हा आवडला, जुनं फोल्डर कामाला आलं असतं. पण एका लायब्ररीला दुसरी लागत होती, दुसरीला तिसरी, आणि पुढच्या काही आता बत्तीसमध्ये कुणी देतच नव्हतं. दुसरा रस्ता, जुनं फोल्डर सोडून द्यायचं आणि डेटाबेसाची चौसष्टची लायब्ररी नव्यानं बसवायची. मामय्या पाणी प्यायला आत आले होते, त्यांनी विचारलं काय झालं. मी सांगितलं, बीम वेगळ्या सुतांचा निघाला, सांधणी होणार नाही.  सुतांची संख्याच जुळत नसेल तर गाठी मारून उपयोग नसतो हे त्यांना मी काय सांगणार. आणि जुनं सूत कापायला त्यांचा हात कधी धजत नाही, हेही मला माहीत होतं. "मग नवीन भर," म्हणाले, आणि पाणी न पिताच गेले.

नवी लायब्ररी बसवली, फोल्डरचा रस्ता काढून टाकला, कंपायल केलं. एकही तक्रार आली नाही. मी इतक्या जोरात खुर्ची मागं सरकवली की अत्तम्मा स्वयंपाकघरातून धावत आल्या. पडद्यावर नक्षी उघडली होती. आणि ती बघून मी रडायचीच बाकी राहिले. ठिपके ताणून लांब झालेले, निम्म्या रेषा गायब, उरलेल्या वाकड्या पसरलेल्या. अत्तम्मांनी चष्मा वर केला, जवळ येऊन बघितलं आणि म्हणाल्या, "ह्या शेवया कोण घेणार गं. तुज्या कंपनीला काय डोळे न्हाईत का?"

स्वतःची मुग्गू त्यांना ओळखू आली नाही. मामय्या मधल्या दारात उभे होते. त्यांनी शेवयाही ऐकल्या आणि पडदाही बघितला. तसेच मागाकडं वळले. माग मात्र लगेच सुरू झाला नाही.

त्या दिवशी मला भीती वाटली. व्यापाऱ्याची ऑर्डर संपली होती. बीमवर उरलं होतं ते एका चादरीपुरतं, आणि माग नेणाऱ्याचा फोन रोज येत होता. रोज मामय्या त्याला सांगत होते, अजून ताणा हाय. खोटं नव्हतं, पण खरंही फार दिवस टिकणारं नव्हतं. नक्षी खराब झाली असेल, ओतताना मीच काही घालवलं असेल, असं वाटून मी डेटाबेस उघडून एकेक आकडा जुन्या डिस्कशी ताडून बघितला. आकडे तेच होते. मग चूक वाचण्यात.

मी नवऱ्याला समोर बसवलं आणि त्याच्या कॉलेजातल्या कोडातली ओळन् ओळ विचारली. तो लाजत होता, स्वतःची जुनी पत्रं कुणी मोठ्यानं वाचावीत तसा. नक्षीची प्रत्येक ओळ त्यानं आकड्यांची रांग म्हणून साठवली होती, आणि त्या आकड्यांना कोडात 'लाँग' म्हटलं होतं. मी विचारलं, लाँगच का. तो म्हणाला, नक्षी मोठी होती म्हणून. त्याच्या जुन्या बत्तीसच्या यंत्रावर लाँग म्हणजे चार बाइट. माझ्या चौसष्टच्या यंत्रावर आठ. साठवताना चार-चारचे घास साठवले होते, आणि नवा प्रोग्राम आठ-आठचे घास घेत होता, म्हणून दोन आकडे एकात जात होते. जुनं फोल्डर काढून टाकलं तरी बत्तीस बिट नक्षीच्या आत बसून आले होते. मी कोडात जिथं जिथं लाँग होतं तिथं बत्तीस बिटांचाच आकडा असं नेमकं लिहिलं. पुन्हा कंपायल केलं आणि पडद्याकडं न बघता मामय्यांना हाक मारली.

ते आले, उभेच राहिले. पडद्यावर ठिपके सरळ उभे होते, मधे आठ पाकळ्यांचं फूल, चारी कोपऱ्यांत वळणं घेत गेलेली रेघ, कुठंही न तुटता परत फुलाशी आलेली. मामय्यांनी पडद्यावर बोट ठेवलं आणि तेलुगूत ठिपके मोजायला लागले. ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. कडेपर्यंत गेले, परत फिरले. मग माझ्या डोक्यावर हात ठेवला. नवऱ्याच्याही ठेवला, आणि नवऱ्यानं तो बराच वेळ ठेवू दिला.

पुठ्ठे पाडून आले. अत्तम्मा मंगळवार बाजारात गेल्या असताना मामय्यांनी ते मागावर चढवले आणि गुडघ्यांना फडकं बांधून उभे राहिले. मी कंपनीला सांगितलं, नेट गेलंय. लाल जमिनीवर पांढरी मुग्गू वीत-वीत वर येत होती, आणि मागच्या बाजूला बीमचं लाकूड उघडं पडत चाललं होतं. मी कधी इकडं बघत होते, कधी तिकडं. पुरेल का, असं विचारायचा धीर झाला नाही. शेवटची किनार विणून मामय्यांनी माग थांबवला तेव्हा बीमवर गुंडाळलेलं काही उरलं नव्हतं, फक्त गाठीची टोकं. त्यांनी चादर कापून घेतली, माग पुसला आणि त्याला हात जोडले. मग माग नेणाऱ्याला फोन केला की उद्या या.

चादर नेहमीसारखी गच्चीवर गेली, ऑर्डरच्या शेवटच्या चादरींत मिसळून. मामय्या जिन्याच्या तोंडाशी बसले. आम्ही दोघं कपडे वाळत घालायचं निमित्त करून उभे. अत्तम्मांनी एकेक चादर पसरली, तळहात उलटा फिरवला, उजव्या ढिगात टाकली. लाल चादर आली. पसरली, हात फिरवला, खालून वर, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. हात कुठं अडला नाही. घडी घातली आणि उजव्या ढिगात टाकली. नक्षी नवी आहे एवढंच म्हणाल्या.

मामय्या म्हणाले, "ती व्यापाऱ्याची न्हाय. घरात ठेव."

अत्तम्मांनी त्यांच्याकडं बघितलं. मग चादर परत ओढली, उलगडली आणि पुन्हा हात फिरवायला लागल्या. घरात ठेवायची म्हणजे खोट असणार, आणि ती त्यांच्या हातून सुटली म्हणजे फारच झालं. उन्हाकडं धरून बघितली, उलटी करून बघितली, कड नखानं तपासली. चेहरा लाल झाला होता. इतक्या वर्षांत कुणी त्यांच्या निवाड्यावर बोट ठेवलं नव्हतं. शेवटी चादर मांडीवर टाकून म्हणाल्या, "तप्पु कुटं हाय? दाखवा मला."

"न्हाय तप्पु."

"मग घरात कशाला?"

मामय्या जिन्याच्या कठड्याला धरून उठले. गुडघे साथ देत नव्हते, मी पुढं झाले तर हातानं नको म्हणाले. अत्तम्मांजवळ जाऊन त्यांनी चादर दोन्ही बाजूंनी ओढून सरळ केली, मधलं फूल वर आलं, कोपऱ्यातली रेघ दिसायला लागली. "दारात काढली हुतीस," म्हणाले. "मी पायरीवर बसलो हुतो."

अत्तम्मा चादरीवर वाकल्या. एका ठिपक्यावर बोट ठेवलं, मग पुढच्या, मग त्याच्या पुढच्या, रेघ वळली तशा वळल्या आणि फुलाशी परत आल्या. मग त्यांनी पुन्हा तळहात फिरवला. मी हातातला ओला टॉवेल तसाच धरून बघत होते, कारण ह्या वेळी हात खालून वर चालला नव्हता. विणीच्या बाजूनं, वरून खाली, हळू हळू येत होता.